काराध्रास: कुणाच्याच बाजूला नसलेला डोंगर

काल्पनिक जगातल्या डोंगरांचा विषय निघाला की बहुतेकांना आधी ज्वालामुखी आठवतो. जे. आर. आर. टॉल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला माउंट डूम ज्यांनी पुस्तक उघडलेलं नाही त्यांनाही ठाऊक असतो. माझ्या मते मात्र त्या कादंबरीतला सगळ्यांत भीतिदायक डोंगर दुसराच आहे. त्याच्या माथ्यावर ज्वाळा नाहीत, तिथे कुणा दुष्ट राजाची चौकी नाही. त्याचं नाव काराध्रास. हजारभर पानांच्या कथेत तो एका प्रकरणात जेमतेम एक रात्र आणि एक सकाळ समोर येतो, नऊ प्रवाशांना आल्या वाटेने परत पाठवतो आणि मागे पडतो. त्या एका रात्रीमुळे पुढची सारी कथा वेगळ्या वाटेला लागते. आणि त्या रात्री जे घडलं ते कुणी घडवलं, हे लेखकाने शेवटपर्यंत सांगितलेलं नाही.

टॉल्कीन यांच्या मिडल-अर्थ या भूमीच्या मधोमध उत्तर-दक्षिण अशी एक प्रचंड रांग आहे, धुक्याचे पर्वत. रांगेच्या साधारण मध्यावर तीन शिखरं एकमेकांना खेटून उभी आहेत: काराध्रास, केलेब्दिल आणि फानुइधोल. ही एल्फांनी दिलेली नावं. डोंगराच्या पोटात राहणाऱ्या बुटक्यांच्या भाषेत तीच शिखरं बाराझिनबार, झिराकझिगिल आणि बुंदुशाथूर होतात. केलेब्दिल रुपेरी, फानुइधोल ढगांत हरवलेला, आणि काराध्रास तांबडा. त्याच्या माथ्यावर बर्फ आहे, पण बाजूचे कडे उघडे, ताशीव आणि रक्त सांडून वाळल्यासारखे काळपट लाल आहेत. याच डोंगराच्या अंगावरून पूर्वेकडे उतरणारी एक खिंड जाते, रेडहॉर्न खिंड. रांग ओलांडायच्या वाटा मुळात मोजक्या, त्यामुळे तिचं महत्त्व मोठं.

कादंबरीत डोंगराची उंची आकड्यांत दिलेली नाही, पण जागा बरीचशी ठरवता येते. टॉल्कीन यांनी एका पत्रात लिहिलं आहे की हॉबिटन आणि रिव्हेन्डेल ही ठिकाणं ऑक्सफर्डच्या अक्षांशावर आहेत असं मानावं. रिव्हेन्डेलहून निघालेल्या प्रवाशांना डोंगर समोर दिसू लागतो तेव्हा सरळ रेषेत ४५ लीग अंतर कापल्याचं त्यांच्यातला जादूगार गँडाल्फ सांगतो. तीन मैलांची लीग धरली तर हे १३५ मैल, म्हणजे सुमारे २१७ किलोमीटर होतात. दक्षिणेकडे जवळजवळ दोन अंश. याचा अर्थ काराध्रास साधारण ५० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास येतो. तिथे जानेवारी महिना, उंच खिंड आणि बर्फ, यात नवल काहीच नाही. तरीही तुकडीतल्या आरागॉर्नला नवल वाटतं. इतक्या दक्षिणेला, आणि आपण अजून फार उंच चढलेलो नसताना, एवढा बर्फ पडत नाही. या उंचीवरच्या वाटा हिवाळाभर बहुधा मोकळ्या असतात, असं त्याचं म्हणणं. संशयाचं बी तिथेच पडतं.

नऊ जण या वाटेला का आले? फ्रोडो नावाच्या हॉबिटकडे एक अंगठी आहे आणि ती दूर माउंट डूमच्या आगीत टाकून नष्ट करायची आहे. तिसऱ्या युगाच्या ३०१८ सालच्या २५ डिसेंबरला रिव्हेन्डेलहून निघालेल्या या तुकडीत चार हॉबिट, आरागॉर्न आणि बोरोमीर ही दोन माणसं, एल्फ लेगोलास, बुटका गिमली आणि गँडाल्फ आहेत, शिवाय ओझं वाहणारा बिल नावाचा तट्टू. रांगेच्या दक्षिण टोकाशी रोहनची सपाट वाट आहे, पण ती फितूर झालेल्या सारुमान या जादूगाराच्या किल्ल्याजवळून जाते. दुसरी वाट डोंगराखालून, मोरिया नावाच्या बुटक्यांच्या ओसाड नगरीतून आहे. तिचं नाव काढलं तरी लोक गप्प होतात. म्हणून ११ जानेवारीच्या रात्री ते काराध्रास चढायला लागतात.

पुढची काही पानं पर्वतरात्रीच्या वर्णनाचा वस्तुपाठ आहेत, आणि ती सावकाश वाचायला हवीत. वाट अरुंद आहे. डाव्या हाताला उभा कडा, उजव्या हाताला काळोखी दरी. मध्यरात्रीच्या सुमारास बर्फ सुरू होतो आणि थोड्याच वेळात पुढचा माणूस दिसेनासा होतो. वाऱ्यात किंकाळ्या आणि हसण्यासारखे आवाज ऐकू येतात. वरून दगड येऊ लागतात, काही डोक्यावरून सूं करत जातात, काही वाटेवर आदळतात. बोरोमीर म्हणतो की हे आवाज दुष्ट आहेत आणि दगड आपल्यावर नेम धरून टाकले जात आहेत. आरागॉर्न त्याला खोडून काढत नाही. मी याला वारा म्हणेन, असं तो सांगतो, आणि त्यामुळे तुझं म्हणणं खोटं ठरत नाही, असंही जोडतो. या दोघांच्या बोलण्यात सगळा काराध्रास आला आहे, असं मला वाटतं.

कड्याच्या आडोशाला सगळे थांबतात. फ्रोडोला झोप येऊ लागते, थंडी वाटेनाशी होते, ऊब जाणवते, स्वप्न पडतं. टॉल्कीन इथे डॉक्टरच्या काटेकोरपणाने लिहितात. शरीराचं आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की आधी थरथर वाढते, मग विचार ढिले पडतात, गुंगी येते आणि शेवटी ऊब वाटल्याचा भास होतो. पहाडात गोठून मेलेली काही माणसं अंगावरचे कपडे काढलेल्या अवस्थेत सापडतात, ती याच भासामुळे. बोरोमीर फ्रोडोला बर्फातून उपसून काढतो तेव्हा तो त्याला मरणातूनच ओढून काढत असतो. गँडाल्फ प्रत्येकाला मिरुवोर नावाच्या पेयाचा एकेक घोट देतो. तेवढ्याने भागत नाही.

सरपणाची गोष्ट मला विशेष आवडते. खिंडीत शिरण्यापूर्वी प्रत्येकाने लाकडाची एकेक मोळी उचलावी, ही सूचना बोरोमीरची. पुढे अंगठीच्या मोहाने तोच घसरणार आहे, पण डोंगर ओळखणारा, हाताने काम करणारा माणूस म्हणून त्या रात्री त्याच्याइतका उपयोगी दुसरा कुणी नाही. आग की मरण अशी वेळ आल्याशिवाय ही लाकडं पेटवायची नाहीत, अशी गँडाल्फची अट असते. ती वेळ येते. ओल्या लाकडाला ठिणगी धरत नाही, एल्फ हरतो, बुटका हरतो. शेवटी गँडाल्फ काठी टेकवून आज्ञा करतो आणि हिरव्या-निळ्या ज्वाळा उसळतात. लगेच तो सांगतो की आता पाहणाऱ्या प्रत्येकाला कळलं, गँडाल्फ इथे आहे. डोंगरावर जीव वाचवायची किंमत म्हणजे स्वतःचा ठावठिकाणा उघड करणं.

सकाळी बर्फ थांबतो, पण परतीची वाट बुजलेली असते. धिप्पाड बोरोमीर आणि आरागॉर्न छातीने बर्फ कापत पुढे जातात. काही ठिकाणी तो बोरोमीरच्या छातीपर्यंत आहे. लेगोलास मात्र हलक्या जोड्यांनी बर्फावरून धावत जातो, पाऊल जेमतेम उमटतं. तो खबर आणतो की सगळ्यांत मोठा ढीग पुढच्या वळणापाशीच आहे, त्यापलीकडे बर्फ भराभर कमी होत जातो आणि आणखी खाली गेलं की नुसता पातळ थर उरतो. डोंगरावर वावरलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. वारा जिथे एखाद्या सोंडेला वळसा घालतो तिथे त्याचा जोर मोडतो आणि वाहून आणलेला बर्फ तो आडोशाच्या बाजूला टाकतो. म्हणून दहा पावलांवर गुडघाभर आणि पुढच्या दहा पावलांवर पुरुषभर बर्फ असू शकतो. म्हणजे हा ढीग वाऱ्याचा साधा हिशेब होता, असं म्हणता येतं. पण सगळे जण ढिगापलीकडे पोहोचताक्षणी वरून दगड आणि बर्फ घसरून मागची वाट पुरती बंद होते. गिमली ओरडून सांगतो की पुरे झालं, आम्ही निघालोच आहोत. आणि खरोखर, त्यानंतर डोंगराचा राग सरल्यासारखा होतो.

मग हे केलं कुणी? तुकडीत तीन मतं आहेत. बोरोमीरला यात मॉर्डोरच्या दुष्ट राजाचा, सॉरॉनचा, हात दिसतो. गँडाल्फ ते नाकारत नाही, त्याचा हात आता लांब पोहोचतो, एवढंच म्हणतो. आरागॉर्नच्या मते जगात अशाही दुष्ट गोष्टी आहेत ज्यांचं सॉरॉनशी काही देणंघेणं नाही, ज्यांचे हेतू त्यांचे स्वतःचे आहेत. गिमली तर ठामपणे सांगतो की सॉरॉनचं नावही या मुलखात पोहोचलं नव्हतं तेव्हापासून काराध्रासला ‘क्रूर’ म्हणतात. निवाडा कुणीच करत नाही.

पुस्तकाचा एवढा भाग मी पुन्हा पुन्हा वाचत आलो तो या न केलेल्या निवाड्यासाठी. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चांगलं आणि वाईट यांच्या लढाईची कथा म्हणून ओळखली जाते. त्या लढाईत प्रत्येकाला बाजू घ्यावी लागते, झाडांनासुद्धा. काराध्रास बाजू घेत नाही. त्याला अंगठी नको, सॉरॉनचा विजय नको, त्याचा पराभवही नको. त्याला फक्त अंगावर कुणी नको आहे. आणि हा नकार टॉल्कीन मंत्रातंत्रातून दाखवत नाहीत. वारा, दगड, बर्फाचा ढीग, शरीरातली गुंगी, म्हणजे कुठल्याही खऱ्या डोंगरावर असतं तेच साहित्य ते वापरतात. प्रत्येक गोष्टीचं साधं स्पष्टीकरण देता येतं आणि तरी सगळ्या मिळून त्या साध्या वाटत नाहीत.

डोंगराला राग येतो ही समजूत युरोपात खरोखर होती, आणि ती फार जुनी गोष्ट नाही. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्न शहराच्या डोक्यावर पिलाटस नावाचा २,१२८ मीटरचा डोंगर आहे. येशू ख्रिस्ताला शिक्षा सुनावणाऱ्या पाँटियस पायलटचं प्रेत त्याच्यावरच्या एका तळ्यात आहे आणि कुणी ते तळं ढवळलं, त्यात दगड टाकला, तर वादळ उठून खालच्या गावांची नासाडी होते, असं लोक मानत. शहराने चढाईवर बंदीच घातली होती. १३८७ मध्ये वर जाऊ पाहणाऱ्या सहा धर्मगुरूंना तुरुंगात टाकण्यात आलं. निसर्गशास्त्रज्ञ कॉनराड गेसनर यांनी १५५५ मध्ये चढाई केली ती रीतसर परवानगी घेऊन. शेवटी १५८५ मध्ये ल्युसर्नच्या एका पाद्र्याने लोकांसमक्ष तळ्यात दगड फेकून दाखवले. वादळ आलं नाही. तरी आल्प्सची भीती एवढ्याने संपली नाही. झुरिकचे वैद्य आणि विद्वान योहान याकोब शॉइख्त्सर यांनी १७२३ मध्ये आल्प्समधल्या प्रवासांवर ग्रंथ छापला, त्यात वनस्पती, स्फटिक, हवेचा दाब यांच्या जोडीला लोकांनी पाहिलेल्या ड्रॅगनांच्या हकिगती चित्रांसह दिल्या. हवेचा दाब मोजणारा माणूस त्याच वहीत ड्रॅगनचीही नोंद करत होता. माउंटेनिअरिंगचा छंद, शिखर गाठण्याचा आनंद, १८५७ मध्ये लंडनमध्ये निघालेला अल्पाइन क्लब, हे सगळं त्यानंतरचं.

टॉल्कीन यांनी पिलाटसवरून काराध्रास घडवला असं मी म्हणत नाही. पण त्यांनी डोंगर पाहिले ते त्याच देशात. १९११ च्या उन्हाळ्यात, ऑक्सफर्डला दाखल होण्याच्या थोडं आधी, १९ वर्षांचे टॉल्कीन आपल्या जेन मावशीबरोबर आणि ब्रुक्स-स्मिथ कुटुंबाबरोबर आल्प्समध्ये पायी हिंडले. नकाशा पाहून चालायचं, हमरस्ते टाळायचे, पुरुषांनी पुष्कळदा गवताच्या माळ्यावर किंवा गोठ्यात झोपायचं. लाउटरब्रुनेनची दरी, म्युरेन, ग्रिंडेलवाल्ड, पुढे ब्रिग, अलेच हिमनदी आणि झेरमाट असा त्यांचा फेरा होता. पन्नासहून अधिक वर्षांनी, १९६७-६८ च्या सुमारास, मुलगा मायकेलला लिहिलेल्या पत्रात त्यांनी हा प्रवास बारकाईने आठवला आहे.

त्या पत्रात युंगफ्राऊचा निरोप घेताना झालेल्या दुःखाचा उल्लेख आहे. युंगफ्राऊच्या कुशीतलं झिल्बरहॉर्न, म्हणजे ‘चांदीचं शिंग’, हे ३,६९५ मीटरचं शुभ्र, धारदार शिखर गडद निळ्या आकाशावर कोरल्यासारखं दिसत होतं, आणि तेच आपल्या कल्पनेतलं केलेब्दिल, असं ते स्वतः सांगतात. काराध्रासच्या शेजारचं रुपेरी शिखर अशा रीतीने थेट आल्प्समधून आलेलं आहे.

काराध्रासच्या मूळ जागेबद्दल पत्रात असा उल्लेख नाही, पण अलेच हिमनदीकडे जातानाचा प्रसंग आहे. अरुंद पाऊलवाट, एका बाजूला वर चढत गेलेला बर्फाचा उतार, दुसऱ्या बाजूला खोल घळ, आणि माणसं एकामागे एक. १९११ चा उन्हाळा युरोपात विलक्षण कडक होता. बर्फाखाली एरवी घट्ट बसलेले दगड उघडे पडले होते आणि दुपारच्या उन्हात ते सुटून खाली येऊ लागले. संत्र्याएवढे, फुटबॉलएवढे, काही त्याहूनही मोठे. पुढे चालणाऱ्या एक वयस्क शिक्षिका किंचाळून पुढे झेपावल्या आणि एक मोठा दगड त्या आणि टॉल्कीन यांच्यामधून, टॉल्कीन यांच्या गुडघ्यांपासून फार तर फूटभर अंतरावरून दरीत गेला. एका बाजूला चढ, दुसऱ्या बाजूला दरी, वरून येणारे दगड: काराध्रासच्या वाटेची मांडणी हीच आहे. एकोणिसाव्या वर्षी गुडघ्यासमोरून असा दगड गेलेल्या माणसाला, तो नेम धरून टाकला होता की नुसता घरंगळत आला, हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही.

त्याच उन्हाळ्यात त्याच परिसरात आणखी एक गोष्ट चालू होती. आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून युंगफ्राऊच्या खिंडीपर्यंत रेल्वेचा बोगदा खणला जात होता. काम १८९६ मध्ये सुरू झालं होतं आणि १९१२ च्या ऑगस्टमध्ये गाडी ३,४५४ मीटरवर पोहोचली. टॉल्कीन ग्रिंडेलवाल्डकडे चालत होते तेव्हा उजव्या हाताच्या त्या कड्यांच्या आत मजूर सुरुंग लावत होते. त्यांना याची किती जाणीव होती, यावर मी काही रचणार नाही. पण डोंगर बाहेरून ओलांडणं आणि आतून पोखरणं ही दोन्ही दृश्यं त्या मुलखात शेजारीशेजारी होती, आणि कादंबरीतही ती शेजारीशेजारीच येतात.

कारण काराध्रास आतून पोकळ आहे. तिन्ही शिखरांच्या पोटात बुटक्यांनी खझाद-दूम ही नगरी कोरली. मोरिया हे तिचंच नंतरचं नाव. तिथे मिथ्रिल सापडे, चांदीसारखा चमकणारा, कधी न काळवंडणारा, हलका आणि पोलादाहून कठीण धातू. बाकी कुठेच तो मिळत नसे. या एका धातूपासून जी साखळी सुरू होते ती पाहिली की डोंगराचं कथेतलं वजन कळतं. मिथ्रिलच्या ओढीने दुसऱ्या युगात, ७५० सालच्या सुमारास, एल्फ कारागीर डोंगराच्या पश्चिम पायथ्याशी एरेगियन वसवतात. कारागिरांची ती वस्ती पाहून वेष पालटलेला सॉरॉन तिथे येतो, त्यांना विद्या शिकवतो, आणि १५०० च्या आसपास तिथे सत्तेच्या अंगठ्या घडू लागतात. मग सॉरॉन गुपचूप या सगळ्यांवर हुकूम चालवणारी एक अंगठी दूर माउंट डूममध्ये घडवतो. १६९७ मध्ये एरेगियन बेचिराख होतं. हजारो वर्षांनी फ्रोडो तीच अंगठी गळ्यात घालून त्याच ओसाड एरेगियनमधून काराध्रासच्या पायथ्याशी येतो. डोंगरातली एक धातूची शीर, तिच्यामागे आलेले कारागीर, कारागिरांमागे आलेला फसवणारा. आणि खिंडीत आग पेटवणाऱ्या गँडाल्फच्या बोटात एरेगियनमध्येच घडलेली एक अंगठी असते, अग्नीची. कथेत हे फार पुढे उघड होतं, आणि ते कळल्यावर बर्फातल्या त्या शेकोटीकडे आपण वेगळ्या नजरेने पाहतो.

मिथ्रिलची मुख्य शीर उत्तरेला, काराध्रासच्या खाली, खोल काळोखात जात होती. बुटके तिच्यामागे खणत गेले. तिसऱ्या युगाच्या १९८० साली त्यांच्या खाणीने खाली दडलेल्या बॅलरॉगला, आग आणि सावलीच्या एका पुरातन राक्षसाला, जागं केलं. त्याने सहावा दुरिन राजा मारला, पुढच्या वर्षी त्याचा मुलगा नाइन मारला आणि नगरी ओस पडली. त्यानंतर डोंगराचं वरचं अंग वादळाच्या ताब्यात आणि पोट बॅलरॉगच्या.

काराध्रासच्या वाईट स्वभावाचं कारण ज्याला हवंच असेल त्याला टॉल्कीन यांच्या मरणोत्तर प्रकाशित लेखनात एक धागा सापडतो. १९७७ च्या ‘द सिल्मरिलियन’मध्ये धुक्याचे पर्वत मेल्कोरने उभारल्याचं सांगितलं आहे. मेल्कोर म्हणजे सॉरॉनचाही धनी, जगातला पहिला बंडखोर. ओरोमे हा देव मिडल-अर्थमध्ये घोड्यावरून शिकार करत हिंडत असे, त्याची वाट अडावी म्हणून ही रांग उभारली गेली. ‘मॉर्गॉथ्स रिंग’ या १९९३ मध्ये आलेल्या खंडात तर टॉल्कीन असा विचार मांडतात की सॉरॉनने आपली शक्ती अंगठीत ओतली, तशी मेल्कोरने ती साऱ्या भूमीच्या मातीदगडात ओतली. हे जोडून पाहिलं तर काराध्रास मुळातच अडवण्यासाठी जन्मला आणि अडवणारा मेल्कोर जगाबाहेर हाकलला गेल्यावरही अडवतच राहिला, असं म्हणता येईल. तर्क सुंदर आहे. पण लेखकाने स्वतः तो काराध्रासला लावलेला नाही, आणि मीही तो उत्तर म्हणून स्वीकारायला तयार नाही. आरागॉर्नने खिंडीत जी जागा मोकळी ठेवली ती मोकळी राहण्यातच त्या रात्रीचा दरारा आहे.

पीटर जॅक्सन यांच्या २००१ च्या चित्रपटाने ती जागा बुजवली. तिथे वादळ सारुमान घडवतो. आपल्या मनोऱ्यावरून तो मंत्र म्हणतो, वीज पडते, बर्फाचा कडा कोसळतो. पडद्यावर कारण दिसावं लागतं, हे मान्य. चित्रपटावर माझं प्रेम आहे, बर्फातून पहाड चढणाऱ्या त्या नऊ ठिपक्यांची दृश्यं विसरता येत नाहीत. पण त्यात डोंगर सारुमानचं हत्यार होतो आणि त्याचं स्वतःचं काही उरत नाही. आणखी एक बदल झाला. चित्रपटात गँडाल्फ मोरियाला भितो आणि निर्णय फ्रोडोवर सोपवतो. पुस्तकात अंधाऱ्या वाटेचा विचार गँडाल्फच्याच मनात आधीपासून असतो आणि तिच्याबद्दल सगळ्यांत जास्त धास्ती आरागॉर्नला, तीही गँडाल्फच्या जिवासाठी. मुग्धा कर्णिक यांचा ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा मराठी अनुवाद उपलब्ध आहे. ज्यांनी फक्त चित्रपट पाहिला आहे त्यांनी निदान खिंडीचं प्रकरण त्यातून वाचावंच.

आरागॉर्नची धास्ती खरी ठरते. १५ जानेवारीला मोरियाच्या पुलावर गँडाल्फ बॅलरॉगसह खोल दरीत पडतो. लिहितानाही टॉल्कीन या डोंगराखाली अडकले होते. मोरियातल्या बालिन या बुटक्याच्या थडग्यापाशी कथा थांबली ती जवळपास वर्षभर, असं त्यांनी प्रस्तावनेत नोंदवलं आहे.

दरीच्या तळातून गँडाल्फ बॅलरॉगचा पाठलाग करत अंतहीन जिन्याने थेट केलेब्दिलच्या माथ्यावर येतो. २३ ते २५ जानेवारी असे तीन दिवस ते शिखरावर लढतात. बॅलरॉग कोसळतो तेव्हा डोंगराची बाजू फुटते, आणि गँडाल्फही तिथेच मरतो. नंतर परत पाठवला गेल्यावर तो ही हकिगत सांगतो. त्या दिवसांत कुणी दूरवरून वर पाहिलं असेल तर त्याला शिखरावर वादळ आलंय असंच वाटलं असेल, असं त्यात येतं. गडगडाट, विजा, वाफ. काराध्रासवर नऊ जण वादळ पाहत होते आणि त्यामागे कुणी आहे का, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. केलेब्दिलवर खरोखर कुणी होतं आणि खालच्यांना दिसलं असतं ते फक्त वादळ. दोन आठवड्यांच्या अंतराने, शेजारच्या दोन शिखरांवर, टॉल्कीन यांनी एकच प्रश्न दोन्ही बाजूंनी मांडला आहे.

खिंडीच्या इतिहासातली एक घटना मात्र मुख्य कथेत नाही, ती परिशिष्टांत शोधावी लागते. तिसऱ्या युगाच्या २५०९ साली रिव्हेन्डेलचा स्वामी एल्रॉन्ड याची पत्नी केलेब्रियन रिव्हेन्डेलहून लोरियनला, आपल्या आईवडिलांच्या घरी चालली होती. रेडहॉर्न खिंडीत ऑर्क या दुष्ट जीवांनी तिला पकडलं, छळ केला, विषारी जखम केली. तिच्या मुलांनी, एलादान आणि एल्रोहिर यांनी, तिला सोडवून आणलं. एल्रॉन्डने शरीराची जखम बरी केली. पण या जगात राहण्यातला तिचा आनंद गेला तो परत आला नाही आणि पुढच्याच वर्षी ती जहाजाने पश्चिमेला कायमची निघून गेली. तिचे आईवडील म्हणजे गॅलाड्रिएल आणि केलेबॉर्न. आरागॉर्नशी पुढे लग्न करणारी आर्वेन तिची मुलगी.

युद्ध संपल्यावर परतीच्या वाटेवर चारही हॉबिट, गँडाल्फ आणि त्यांच्याबरोबर निघालेले एल्फ त्या तीन शिखरांच्या समोर येतात. ३०१९ च्या ६ सप्टेंबरला तळ पडतो आणि सात दिवस हलत नाही, कारण इथे ताटातूट होणार आहे. हॉबिट झोपल्यावर गॅलाड्रिएल, केलेबॉर्न, एल्रॉन्ड आणि गँडाल्फ रात्र-रात्र बसून जुन्या युगांच्या आठवणी काढतात. आसपास एरेगियनचा तोच उजाड मुलूख असतो. १३ सप्टेंबरला गॅलाड्रिएल आणि केलेबॉर्न पूर्वेकडे वळतात. त्यांना लोरियनला जायचं आहे आणि त्यासाठी ते रेडहॉर्नचीच वाट धरतात, मुलगी जिथे हाती लागली होती तीच. टॉल्कीन यांनी त्या ओलांडण्याबद्दल एक वाक्यही लिहिलेलं नाही. बर्फ पडला का, दगड आले का, वाऱ्यात आवाज होते का, काही नाही. सॉरॉन संपला होता, सारुमानचा किल्ला पडला होता, बॅलरॉग मेला होता. ज्यांच्यावर त्या रात्रीचा आळ घेता आला असता त्यातलं कुणीच जागेवर उरलं नव्हतं. काराध्रास तेवढा होता.